कुणाची माती, कुणाचा मल्ल

“भिवानाईक, तुम्ही दरसाल मुद्दाम पडता का हो?”

काजळगडाच्या पूर्वेकडल्या सुळक्यामागून सूर्याची कड नुकती कुठे वर येत होती, दरीतले धुके तटाच्या पायथ्याशी अजून अंग मुडपून पडले होते, महादरवाज्यावरच्या नौबतीवर टिपरू पडायला थोडाच अवकाश होता, आणि शहाण्या मुलीने नुसते हात जोडून उभे राहावे अशा त्या शांत घटकेला, माचीवरच्या तालमीच्या दारात उभे राहून किल्लेदार धाररावांच्या लेकीने, दर्याबाईने, हा प्रश्न विचारला. आणि तोही असा खणखणीत, की तटावरची पाखरे भुर्रकन उडाली!

एवढ्या सकाळी एवढ्या मोठ्याने विचारायचे कारण काय, म्हणाल तर पैज. हवालदाराची मथी आणि सबनिसाची ठकू तालमीच्या भिंतीआड तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. “तू सदरेवर मोठमोठी बोलतेस ना? मग भिवानाईकाला विचारून दाखव. आणि पुटपुटायचं नाही हं, आम्हाला इथं ऐकू आलं पाहिजे!” असे ठकूने बजावले होते. त्या उन्हाळ्यात दर्याला आपल्या जिभेची नवी नवी ओळख झाली होती. घोड्यावर बसता येऊ लागले होते, आलेल्या खलित्याचे वाचन सदरेवर न अडखळता करता येऊ लागले होते, पाहुणे मंडळी “किल्लेदार, कन्यारत्न मोठे बोलके हो!” म्हणू लागली होती, आणि माणसाला एकदा टाळ्या मिळाल्या, की कुठे थांबावे हे कळायला जरा वेळच लागतो.

तालमीच्या हौद्यात भिवानाईक फावडे घेऊन उभा होता. गडाच्या निम्म्या उतारावर, जिथून गडाची वाट अरुंद होते तिथे, मेट नावाची पहाऱ्याची जागा होती. तिथल्या झोपड्यांत राहून पिढ्यान्‌पिढ्या वाट राखणारे ते मेटकरी, आणि भिवा त्यांचा नाईक. त्याला कुणाचा खुराक नव्हता, दूध-बदाम नव्हते. पहारा संपला की तो तालमीत घुमायचा, एवढेच.

आज भैरोबाची जत्रा होती. जत्रेच्या आखाड्याची रीत मोठी जुनी. मानकऱ्यांनी आपापल्या जमिनीची एकेक पाटी माती पाठवायची, ती ताक, तेल आणि हळद घालून आखाड्यात मिसळायची, आणि ज्याची माती आखाड्यात पडली त्यालाच आपला मल्ल उतरवण्याचा मान. जोड लागण्यापूर्वी भालदार पुकारायचा, “कुणाची माती? कुणाचा मल्ल?” मग मानकऱ्याने भर मैदानात उठून म्हणायचे, “आमची माती, आमचा मल्ल.” पहिली कुस्ती मानाची: एकीकडे मुलखाचे धनी सरदार निंबाजीराव यांचा जगदेव पहिलवान आणि दुसरीकडे गडाचा भिवा. गेली तीन वर्षे जगदेवच जिंकत आला होता. भिवा गडाच्या मातीची पाटी तेवढी कालवत होता, तेव्हा प्रश्न आला.

त्याचे फावडे हवेतच थांबले. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने फक्त दर्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले.

दर्याने मागे वळून पाहिले. जोडीदाराच्या तालमीच्या मातीला नमस्कार करायला म्हणून पहाटेच गड चढून आलेला जगदेव पहिलवान दारातल्या लिंबाखाली उभा होता.

“नाईक,” जगदेव हळू म्हणाला, “लेकरानं विचारलंय. उत्तर द्या.”

भिवा फावड्याला चिकटलेली माती बोटाने खरवडू लागला.

“तीन सालं,” जगदेवाचा आवाज चिरकला. “तीन सालं मी त्या कुस्त्या झोपेत पुन्हा पुन्हा खेळतोय. माझ्या म्हाताऱ्या आईनं माझी दृष्ट काढली. सरदारांनी भर सभेत कडं घातलं. आणि तुम्ही... तुम्ही मला वाढलंत होय? भिकाऱ्याला वाढावं तसं?”

“पैलवान, तुमी लई जोरकस हायसा...”

“गोंजारू नका!” जगदेवाने हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली. “आज खरी धरा. नाही धरलीत, तर भैरोबाची आण, भर मैदानात ओरडून सांगेन की काजळगडानं माझी आणि माझ्या धन्याची थट्टा केली.”

तो तरातरा निघून गेला. भिंतीआडून ना हसणे ऐकू आले ना कुजबुज. मथी आणि ठकू केव्हाच पळाल्या होत्या. भिवाने पुन्हा फावडे मातीत घातले आणि शांतपणे म्हणाला, “जावा, आक्कासाहेब. चौघडा व्हईल आता.”

तो खेकसला असता तर किती बरे झाले असते!

सूर्य हातभर वर आला नाही, तोच सरदारांचे मेहुणे हैबतराव सदरेवर हजर. अंगात जरीचा अंगरखा, ओठांवर साखर आणि नजर थेट धाररावांच्या कमरेच्या किल्ल्यांवर. या गडाची किल्लेदारी आपल्या घरात यावी म्हणून हे गृहस्थ किती दिवस पाण्यात देव बुडवून बसले होते, हे गडावरच्या मांजरांनाही ठाऊक होते.

“किल्लेदार,” ते लोडाला टेकत म्हणाले, “आमचा जगदेव काही विचित्र बोलत आला बुवा. म्हणे मानाची कुस्ती लटकी असते! आम्ही म्हटलं, छे, धारराव असं कसं करतील? देवाच्या दारात, धन्याच्या समोर?”

“पहिलवान तापट आहेत,” धारराव म्हणाले.

“असतीलही. पण आता पंचाईत पाहा. तुमचा नाईक आज पडला, तर जगदेव ओरडणार. म्हणजे धन्याची फसवणूक उघड. आणि नाईक जिंकला, तर आपल्या मेटकऱ्याकरवी तुम्ही सरदारांचं नाव मातीत घातलंत, असा अर्थ होईल. धनी कानाचे हलके नाहीत, पण मानाचे फार कडक आहेत. किल्ल्या जपा हो. आम्हाला आपली काळजी वाटते.”

विडा घेऊन हैबतराव गेले. चिकाच्या पडद्याआड उभ्या असलेल्या दर्याने सारे ऐकले होते. एवढासा प्रश्न, वाऱ्यावर सोडलेला, पैजेपायी; आणि त्याला धरून हा माणूस गड ओढून न्यायला निघाला होता! ती पडदा सारून बाहेर आली. सदरेवर आता धाररावांसमोर भिवा हात बांधून उभा होता.

“आबासाहेब, मी विचारलं ते. माझ्यामुळं झालं.”

धाररावांनी तिच्याकडे पाहिले. “विचारलंस म्हणून तो पडला नाही, दर्या. आम्ही सांगितलं म्हणून पडला. दरसाल. धन्याचा पहिलवान जिंकला की धनी खूश, धनी खूश की गड सुखी. तीन सालं आम्हाला ती साधी गोष्ट वाटली.” मग भिवाकडे न पाहता ते म्हणाले, “नाईक, आजही पड. पण असं पड, की जगदेवालाही खरं वाटेल. दुसरा मार्ग दिसत नाही.”

“सरकार, आज तसं जमायचं न्हाय. तो डोळ्यांत डोळं घालून लढंल. त्याला कळंल.”

“मग काय करतोस?”

भिवाने खाली वाकून मुजरा केला. “येक मागणं हाय. भालदारानं माझं नाव पुकारलं की आपण उठू नगा. बसूनच ऱ्हावा. बाकीचं माझ्याकडं.”

“म्हणजे?”

“बसूनच ऱ्हावा, सरकार,” एवढेच पुन्हा म्हणून तो पायऱ्या उतरून गेला.

गडाच्या पायथ्याचे मैदान दुपारपर्यंत माणसांनी नुसते फुलून गेले. पण फुललेले म्हणजे मिसळलेले नव्हे! उत्तरेला शामियान्यात गादी-तक्क्यावर सरदार निंबाजीराव; त्यांच्या डाव्या हाताला जाजमावर किल्लेदार आणि मानकरी, प्रत्येकाचे पागोटे आपल्या मानाप्रमाणे उंच; त्यांच्यामागे चिकाआड बायका; मग घोंगड्यांवर शिलेदार; मग उघड्या जमिनीवर शेतकरी, कुणबी, बारा बलुते; आणि दोराच्या पलीकडे, तापलेल्या कातळावर, मेटकरी. हलगी कडाडत होती, शिंगे फुंकली जात होती, पोरे झाडांना लटकली होती, आणि शेकडो कंठ आपापल्या तालमीच्या नावाने फाटत होते. आखाड्यात उतरणाऱ्याच्या अंगावर लंगोट आणि फार तर दंडातले मानाचे कडे एवढेच उरते, पण त्याच्याकडे पाहणारे मात्र अंगभर मानमरातब लेवून बसतात. दर्याने हे दरसाल पाहिले होते. त्या कातळाकडे मात्र तिने आजच पाहिले. तिथे भिवाची बायको कोंडाई मांडीवर एक गाठोडे घेऊन बसली होती.

जत्रेला गाठोडे कशाला?

भालदाराने चांदीची काठी आपटली. “मानाची कुस्तीऽऽ! जगदेव पहिलवान! कुणाची माती? कुणाचा मल्ल?”

निंबाजीराव रुबाबात उठले. “आमची माती, आमचा मल्ल.” मैदान गरजले.

“भिवा नाईक! कुणाची माती? कुणाचा मल्ल?”

सगळ्यांच्या माना धाररावांकडे वळल्या. चिकाच्या फटीतून दर्याला वडिलांचा उजवा हात दिसत होता. तो गुडघ्यावर दाबला गेला, शरीर किंचित उचलले गेले, आणि... तिथेच राहिले. धारराव उठले नाहीत.

हलगी आपोआप थांबली. भालदार गोंधळला. “कुणाची माती? नाईक, तुझी माती कुणाची?”

भिवा आखाड्याच्या कडेला आला. त्याने कमरेची पुरचुंडी सोडली, मूठभर काळी माती वर धरली आणि दोराच्या पलीकडच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माझ्या बापाची.”

“काय?” भालदार म्हणाला.

“माझा बाप सटवा नाईक. गनीम आला तवा मेटावर येकटा उभा ऱ्हायला, तिथंच पडला, तिथंच पुरला. गडाची समदी माती सरकारची. मेटाची बी सरकारची. पर थडग्याची माती त्याची. ती माझ्या बापानं रगत देऊन घेतलीया. आज मी किल्लेदाराचा न्हाय, कुणाचाच न्हाय. बापाची माती, आन्‌ तिचा मल्ल मी.”

हैबतराव ताडकन उठले. “हे रीतीबाहेर आहे! मेटकऱ्याला कसली माती?”

भैरोबाचा म्हातारा गुरव काठी टेकत पुढे आला. त्याने भिवाच्या मुठीतली माती बोटाने चाचपली, हुंगली, आणि सरदारांना नमस्कार करून म्हणाला, “धनी, ज्याची जमीन त्याची माती, अशी रीत. या चार हात जमिनीवर दुसऱ्या कुणाचा हक्क आजवर कुणी सांगितलेला नाही. देव नाही म्हणत नाही.” मग तो भिवाकडे वळला. “पण लेकरा, दुसरी रीतही ध्यानात आहे ना? जो गडाखेरीज दुसरी माती पुकारील, त्यानं जत्रेचं निशाण उतरायच्या आत मेट सोडायचं.”

“ध्यानात हाय,” भिवा म्हणाला.

गाठोड्याचा अर्थ दर्याला आता कळला. 

निंबाजीरावांनी हात वर केला. मूठभर काळी माती लाल मातीत पडली, सलामी झाली, आणि कुस्ती लागली.

आणि काय कुस्ती लागली! जगदेव म्हणजे नुसता पहाड, तो विजेसारखा खाली वाकून पट काढायला, पायच ओढून घ्यायला घुसला. भिवाने पाय मागे टाकून त्याच्या पाठीवर छातीचा भार दिला. जगदेवाने मान सोडवून ढाक मारायला, कमरेवरून उचलून आपटायला, कंबर घातली. भिवा हवेत उचलला गेला, मैदानाने श्वास धरला, पण तो मांजरासारखा पालथा पडला आणि पुन्हा उभा राहिला. कातळावरून आरोळी उठली. शेतकऱ्यांनी ती उचलली, मग शिलेदारांनी, आणि जाजमावरचेही दोन मानकरी नकळत गुडघ्यांवर आले. दर्याला ओरडावेसे वाटत होते, आणि ओरडायचा आपल्याला काय हक्क, असेही वाटत होते. दरवेळी भिवा निसटला की तिला हायसे वाटे, आणि त्याच क्षणी ते गाठोडे दिसे.

शेवटी जगदेव थकला नाही, पण अधीर झाला. त्याने दोन्ही हात लांबवले, आणि त्या एका निमिषात भिवा त्याच्या काखेखाली शिरला, मांडीत हात घातला, तो पहाड खांद्यावर आडवा घेतला आणि फिरवून असा टाकला, की जगदेवाचे दोन्ही खांदे मातीला लागले. कलाजंग! चीतपट!

मैदान क्षणभर मुके झाले. सरदारांच्या मल्लाला अस्मान दिसले होते, आणि कुणी आनंद करावा की नाही हे कुणालाच ठरवता येईना.

“पाहिलंत?” हैबतरावांचा आवाज त्या शांततेत टोचला. “किल्लेदाराच्या माणसानं...”

“किल्लेदार उठले नव्हते,” गुरव म्हणाला. “साऱ्यांनी पाहिलंय.”

जगदेव मातीतून उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, पण तोंडावर हसू होते! त्याने दंडातले सोन्याचे कडे काढून गुरवाच्या हाती दिले. “देवापुढं ठेवा. धनी, आज मी हरलो, पण माणसाशी लढून हरलो. नाईकांचा मान करा. नाही केलात तर मी पुन्हा लंगोट बांधणार नाही.”

निंबाजीरावांनी एकवार हैबतरावांकडे पाहिले, एकवार रिकाम्या दंडाच्या आपल्या मल्लाकडे, आणि उतरून स्वतःचा फेटा भिवाच्या डोक्याला बांधला. “नाईक, आमच्या पदरी ये. दूध, बदाम, घोडं, काय मागशील ते.”

“धनी, माझी माती मूठभरच हाय,” भिवा म्हणाला. “दुसऱ्याच्या मातीत घातली तर दिसायची बी न्हाय.”

सरदार मोठ्याने हसले, मैदान सुटकेने गरजले, गुलाल उधळला गेला, आणि धाररावांच्या कमरेला किल्ल्या तशाच राहिल्या. जाजमावरचे मानकरी त्यांना “देवानं राखलं हो!” म्हणत होते. देवाने!

गर्दी पांगायच्या आत दर्या चिकामागून निघाली आणि मेटाची वाट धावत चढली. भिवा दाराला कडी घालत होता. कोंडाईने शेळी सोडली होती.

“नाईक, मी... मथी-ठकूनं पैज लावली होती. मी गंमत म्हणून...”

“ठावं हाय,” भिवा म्हणाला. “भिंतीआड दोघी खिदळत व्हत्या.”

“मी विचारलं नसतं तर?”

त्याने खोटा दिलासा दिला नाही. “तर आजबी पडलो असतो, आन्‌ रातच्याला हितंच निजलो असतो.”

कोंडाई मात्र फटकन बोलली, “गंमत म्हनं! आक्कासाहेब, तुमची गंमत झाली, आन्‌ आमची चूल इझली.”

“कोंडे...”

“का? बोलू दे की. त्या बोलल्या, तवा कुनी अडवलं न्हाय.”

दर्याने मान खाली घातली. भिवा डोक्यावरचा फेटा काढून हातात चाचपत राहिला. “सवाल वाईट न्हवता, आक्कासाहेब. तीन सालं मलाबी तो कुनी इचारावा आसं वाटायचं. पर बोलताना मागं कोन उभं हाय ते बघावं. तुमचा शबुद पडला की तुमाला लागत न्हाय, खालच्याला लागतो.” तो थांबला. “आता ह्यातलं कुठं बोलू नगा. सरकार वाचलं, ते वाया घालवू नगा.”

“जाणार कुठं?”

“गडाची हद्द न्हाय, सरदाराची बी घ्यायची न्हाय. बघू. बापाच्या थडग्यावर सणाला दिवा कोन लावंल, तेवढाच घोर हाय.”

ते उतरू लागले. शेळी दोनदा मागे वळून ओरडली. दर्या थडग्याशी उभी राहिली. तिथे मूठभर खळगा पडला होता. तिथून खाली ओढा दिसत होता, आणि ओढ्यापलीकडे, आंब्याच्या राईशेजारी, एक लाल तुकडा. तिच्या आईच्या वडिलांनी नातीच्या चोळी-बांगडीसाठी म्हणून दिलेली जमीन. ना गडाची, ना सरदाराची. आजवर तिने ती घोड्यावरून नुसती पाहिली होती. खाली मैदानात निशाण उतरत होते. दर्याने पदर खोचला आणि ओढ्याच्या दिशेने पळत सुटली.

दिवेलागणीला ती वाड्यात आली, तेव्हा धारराव पागोटे न उतरवताच बसले होते, समोर किल्ल्यांचा जुडगा होता, आणि मासाहेब देवापुढे वात सारखी करीत होत्या. दर्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि डोक्यावर पाटी होती. ती तिने किल्ल्यांशेजारी धपकन ठेवली.

“अगं, हे काय? जाजम खराब झालं!” मासाहेब म्हणाल्या.

“माती आहे. माझ्या जमिनीची. भिवानाईकांना ओढ्यावर गाठलं मी. आज ते तिथं राईत उतरलेत. कोंडाई यायला तयार नव्हती, दोन वेळा पाया पडले.”

“तू मेटकरणीच्या पाया पडलीस?”

“हो. तेवढ्यानं फिटलं नाही, पण पडले.”

“आणि ती जमीन तुझ्या लग्नात द्यायची आहे, पोरी! हैबतरावांच्या घरून विचारणं येतंय...”

“तर मग त्यांना सांगा, मुलगी आहे, जमीन नाही. परवडत असेल तर या म्हणावं.”

एरवी अशा बोलण्यावर तिला हसू फुटले असते. आज मात्र बोलण्यापूर्वी तिने दाराकडे वळून पाहिले होते, मागे कुणी उभे तर नाही ना. धारराव पाटीतल्या मातीकडे पाहत होते. ते म्हणाले, “आज उठायला हवं होतं मी.”

“मलाही गप्प राहायला हवं होतं,” दर्या म्हणाली. “ते दोन्ही आता होत नाही. म्हणून मी ठरवलंय. पुढल्या जत्रेला ही पाटी आपल्या पाटीबरोबर जाणार नाही, वेगळी जाईल. नाईकांनी या मातीवर उतरायला होकार दिला, तर भालदार पुकारील तेव्हा मी चिकाबाहेर येऊन उभी राहीन. नाही दिला, तरी जमीन त्यांचीच. आणि आबासाहेब, या मातीवर उतरणाऱ्याला ‘पड’ म्हणून कुणी सांगायचं नाही.”

तिने किल्ल्यांचा जुडगा उचलला, वडिलांच्या हातात ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली,

“तुम्हीसुद्धा नाही.”